श्रीरंगचा हात

माझा भाऊ श्रीरंग आठल्ये गेला त्याला दीड वर्ष झालं. इंदिरा नगरातल्या आमच्या मराठी घरांमध्ये त्याच्याविषयी विचारलंत तर बहुतेक जण आधी इकडेतिकडे बघतील आणि मग अंगठा तोंडाकडे नेऊन दाखवतील. काही भले लोक म्हणतील, "माणूस सोन्यासारखा होता हो, पण..." त्या 'पण'च्या पुढचा बराचसा मजकूर मीच लोकांना पुरवलेला आहे. मी त्याची मोठी बहीण, विनया. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, लग्न केलं नाही, आणि आपलं म्हणणं खरं करण्याची खोड मला लहानपणापासून आहे.

श्री माझ्याहून सहा वर्षांनी लहान. आमचे वडील हवाई दलात होते. बदल्या होत होत लखनौला आले, इथेच निवृत्त झाले आणि इंदिरा नगरात घर बांधून बसले. देवरुखचं मूळ घर भावकीकडे गेलं. आम्ही घरात रत्नागिरीकडचं मराठी बोलायचो, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी.

श्री सात वर्षांचा असताना त्याची मान उडायला लागली. उचकी लागावी तशी, पण आवाज नाही. मग उजवा खांदा उडायला लागला, मग हात. लोक नंतर त्याला थरथर म्हणायचे, पण ती थरथर नव्हती. थरथरीला एक ताल असतो. याचा झटका अवचित यायचा आणि पापणी लवायच्या आत निघून जायचा. स्वस्थ बसलेला असला की जवळजवळ काहीच नाही. काही घ्यायला, द्यायला, लिहायला हात पुढे केला की हमखास, आणि त्यातून कोणी टक लावून बघत असलं की बघायलाच नको. शाळेत पोरं त्याला 'करंट' म्हणायची. त्याला बोट लावायचं आणि "अबे, झटका लगा!" ओरडत पळायचं, हा त्यांचा मधल्या सुट्टीतला खेळ होता. तोही त्यांच्याबरोबर हसायचा. हसला नाही तर जास्त उडतं, हे त्याला लवकर कळलं होतं.

आई त्याला चहा अर्धा कपच द्यायची. मास्तर शाईच्या डागांसाठी छड्या मारायचे. वडिलांनी तीन डॉक्टर केले. एकाने टॉनिक दिलं. दुसऱ्याला फिट्सची शंका होती, म्हणून त्याने डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढला, त्यात काही निघालं नाही. तिसरा म्हणाला, मुलगा भित्रा आहे, खेळायला पाठवा. सगळे रिपोर्ट नॉर्मल. आमच्या घरात 'रिपोर्ट नॉर्मल' याचा अर्थ 'नाटक' असा लावला गेला, आणि तो लावणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे होते. "मनावर घेतलंस तर थांबेल," असं मी त्याला किती वेळा सांगितलं असेल, देव जाणे.

त्याला एका सरकारी बँकेत नोकरी लागली. तिथे तो फार लाडका झाला. आजूबाजूच्या गावांतून पेन्शन घ्यायला येणाऱ्या म्हाताऱ्या विधवांना त्याने अंगठा सोडून सही करायला शिकवलं. समोर बसवून घ्यायचा आणि एकेक अक्षर तोंडाने सांगायचा, "अब ऊपर डंडा, अम्मा, अब घुंडी." स्वतःच्या सहीची मात्र बोंब. बँकेत माणसाची सही म्हणजे त्याचा चेहराच. याच्या दोन सह्या कधी एकमेकींना ओळखायच्या नाहीत. एकदा त्याचा स्वतःचा चेक त्याच्याच शाखेने 'सही जुळत नाही' म्हणून परत केला. घरी येऊन त्याने तो किस्सा इतका रंगवून सांगितला की आई हसून हसून खोकायला लागली. मग तो न्हाणीघरात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

तो सव्वीस वर्षांचा असताना एक गोष्ट घडली. निरंजन नावाच्या त्याच्या साहेबाची बदली झाली, त्याच्या निरोपाच्या पार्टीत सगळ्यांनी आग्रह करकरून श्रीला रम पाजली. त्याच्या आयुष्यातली पहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोळ्या लाटत होते, तेव्हा तो स्वयंपाकघरात आला. चेहरा असा की लॉटरी लागली असावी.

"ताई, काल माझा हात थांबला."

"म्हणजे?"

"अगं, थांबला! पूर्ण. अर्ध्या तासाने. मी जगमधून ग्लासात पाणी ओतलं, काठोकाठ. एक थेंब सांडला नाही. आणि हे बघ."

त्याने खिशातून हॉटेलातला कागदी रुमाल काढला. त्यावर त्याने दहा वेळा सही केली होती. एकीखाली एक, सगळ्या सारख्या. 'श्रीरंग म. आठल्ये', शेवटच्या 'ये'ची मात्रा प्रत्येक वेळी त्याच जागी. तो रुमाल माझ्यासमोर धरून तो उभा होता आणि आता त्याचा हात पुन्हा उडत होता, त्यामुळे मला ते नीट वाचताही येईना.

आमचे थोरले काका देवरुखला दारूनेच गेले होते. जाताना घरही घेऊन गेले. दारू हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. मी त्याच्या हातातला रुमाल घेतला, फाडला आणि चुलीजवळच्या कचऱ्यात टाकला.

"प्यायलेल्या प्रत्येकाला असंच वाटतं," मी म्हणाले. "आईला कळलं तर मरेल ती."

तो तुकड्यांकडे बघत उभा राहिला आणि मग आंघोळीला गेला.

त्यानंतर काय झालं ते तुम्हाला वाटतं तेच झालं, पण वाटतं तसं झालं नाही. तो मित्रांत बसून कधी प्यायला नाही. तो मोजून घ्यायचा, औषधासारखा. सकाळी कामावर जाण्याआधी बाटलीची दोन झाकणं. त्यावर सह्यांचं काम दुपारपर्यंत उरकायचं. उतरली की झटके आधीपेक्षा जोरात परत यायचे, म्हणून काही वर्षांनी दोनाची तीन झाली, मग चार. मधल्या काळात आई-वडील गेले. त्याचं लग्न झालं. बायको अनघा, जबलपूरची, एका विमा कंपनीत नोकरीला. चार वर्षांनी जुई झाली. आम्ही सगळे त्याच घरात राहत होतो. अनघाला लग्नाआधी झटक्यांचं सांगितलं होतं, झाकणांचं नाही. तिने एकदा मला विचारलं, "ताई, हे आधीपासून घ्यायचे का?" मी म्हणाले, "स्वभावच कमकुवत आहे त्याचा." माझा भाऊ, आणि मी त्याला असं एका वाक्यात निकालात काढला.

आता गणपतीचं सांगते.

इंदिरा नगरात आमची बावीस मराठी घरं मिळून दहा दिवसांचा गणपती बसवतात. पार्कात मांडव असतो. प्रत्येक घराला आरतीचा एक दिवस नेमून दिलेला असतो, आमचा सातवा. त्या दिवशी घरातल्या कर्त्या पुरुषाने ताट धरायचं, ही पद्धत. वडील असेपर्यंत त्यांनी धरलं, मग काही वर्षं मी पुढे होऊन वेळ मारून नेली. २०१४ साली जुई चार वर्षांची होती. ती म्हणाली, "सबके पापा करते हैं." तेव्हा श्री म्हणाला, मी धरतो.

गणपतीचे दहा दिवस तो थेंबालाही शिवत नसे. हे त्याचं त्याने ठरवलेलं होतं, कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यामुळे सातव्या दिवशी संध्याकाळी तो कोरडा ठणठणीत होता, आणि शंभर माणसं त्याच्या हाताकडे बघत होती. दुसऱ्या कडव्याला झटका आला. ताट उडालं. पेटता कापूर मखराच्या पडद्यावर पडला. पडदा विझवला, फारसं काही जळलं नाही. लोक म्हणाले, "जाऊ दे, बिचारा!" मंडळाचे अध्यक्ष विश्वजित देवस्थळी यांनी त्याच्या पाठीवर हातसुद्धा ठेवला. जुई मात्र मांडवामागे जाऊन बसली आणि बापाने हाक मारली तर ओ देईना.

पुढच्या वर्षी त्याने पुन्हा ताट धरलं. मला आश्चर्य वाटलं, पण मी शेजारीच उभी राहिले, पडलं तर सावरायला. चार आरत्या झाल्या. ताट एकाच लयीत फिरत होतं. निरांजनाची ज्योतसुद्धा हलत नव्हती. जुई टाळ वाजवत बापाकडे बघत होती, तोंडभर हसत. मग मंत्रपुष्पांजलीला सगळे जवळ सरकले आणि वास आला. मला आला, देवस्थळींना आला, मागच्या बायकांनाही आला.

गणपतीसमोर दारू पिऊन! मी सांगते, चोरी केली असती तर लोकांनी इतकं मनावर घेतलं नसतं. दुसऱ्या दिवशी बैठक झाली. मंडळाची सचिव मीच. 'श्री. श्रीरंग आठल्ये यांनी यापुढे मंडळाच्या कोणत्याही धार्मिक कार्यात सहभागी होऊ नये', हे पत्र माझ्या अक्षरात आहे. देवस्थळी म्हणाले होते, तुमचा भाऊ आहे, दुसरं कोणी लिहील. मी म्हणाले, नाही, मीच लिहिणार. न्यायाला नातं नसतं वगैरे काहीतरी मी बोलले, आणि लोकांनी माना डोलावल्या.

पत्र मी त्याच्या हातात दिलं, घरीच, जेवणाच्या टेबलावर. त्याने ते वाचलं.

"ताई, गेल्या वर्षी मी शुद्धीत होतो, तर ताट पडलं. या वर्षी घेतली, तर पडलं नाही. यातलं देवाला काय चालतं ते तूच सांग."

"देवाला मध्ये आणू नकोस."

"बरं, तुला काय चालतं ते सांग."

"मला निर्व्यसनी भाऊ चालतो," मी म्हणाले.

महिन्याभरात तो बायको-मुलीला घेऊन वृंदावन योजना या वसाहतीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला. शहराच्या दुसऱ्या टोकाला. पुढच्या वर्षी बँकेतही कोणीतरी वासाची तक्रार केली आणि त्याने नोकरी सोडली.

मग व्यसनमुक्ती केंद्र. तेही माझंच डोकं. अनघा तयार नव्हती, मी तिला तयार केलं. सीतापूर रस्त्याला, शहराबाहेर, उंच भिंतींचं ठिकाण. तीन महिने ठेवलं. दारूचा थेंब नाही, आणि हात पूर्वीपेक्षा वाईट. डाळीची वाटी तोंडापर्यंत जाईना. मान अशी उडायची की बोलताना जीभ चावली जायची. तिथल्या लोकांना वाटलं, घरी सोडावं म्हणून सोंग करतोय. मी एकाआड एक रविवारी भेटायला जायची. एका रविवारी तो म्हणाला,

"ताई, आज पंचाहत्तर दिवस झाले. दारू सोडल्यावर जी थरथर होते ती आठ-पंधरा दिवसांत जाते. इथला कंपाउंडरच सांगतो. माझ्याबरोबर आलेल्या सगळ्यांची गेली. मग माझं हे काय आहे?"

"तुझं व्यसन जुनं आहे. वेळ लागणार."

"अगं, पण हे सातव्या वर्षापासून आहे! सातव्या वर्षी मी काय पीत होतो?"

मी गणिताची बाई. कारण काढून घेतलं आणि परिणाम तसाच राहिला, तर ते कारण नव्हे, हे मी नववीच्या पोरांना फळ्यावर मांडून दाखवलं असतं. माझ्या भावाच्या बाबतीत मला ते मांडायचंच नव्हतं. मी डब्यातले लाडू त्याच्या हातात दिले आणि म्हणाले, "मन खंबीर कर."

घरी आल्यावर सहा महिने तो कोरडा राहिला. अनघा त्याला घास भरवायची. मग एक दिवस जुईने वर्गातल्या मुलीला सांगितलेलं त्याच्या कानावर आलं, की मेरे पापा को खाना खिलाना पड़ता है. त्या दिवशी तो बाहेर गेला आणि बाटली घेऊन आला. नंतर पुन्हा कधी सोडायचा प्रयत्न केला नाही, आणि मीही त्याच्याकडे जाणं बंद केलं. पाच वर्षं. दिवाळीला फोन, बस.

पाच वर्षांनी फोन आला तो अनघाचा. जुई बारा वर्षांची झाली होती. "ताई, जुईची मान उडतेय," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

मोठ्या सरकारी हॉस्पिटलात मेंदूच्या विकारांच्या बाह्यरुग्ण विभागात आम्ही तिला घेऊन गेलो. अनघा, मी आणि जुई. श्री आला नाही. त्याचं पोट फुगायला लागलं होतं, पाय सुजले होते. डॉक्टर शिवांगी म्हणून एक तरुण बाई होत्या. त्यांनी जुईला हात पुढे धरायला सांगितले, गोल गोल रेघ काढायला सांगितली. मग स्टीलचे दोन पेले दिले, एकातलं पाणी दुसऱ्यात ओत म्हणाल्या. पाणी त्यांच्या कागदांवर सांडलं. त्यांनी ते ओढणीच्या टोकाने टिपलं आणि हसून म्हणाल्या, "कोई बात नहीं, रोज़ गिरता है." मग जुईला आईबरोबर रक्त द्यायला पाठवलं आणि माझ्याकडे वळल्या.

"घर में और किसी को है?"

"इसके पिता को. पर वो तो..." मी थांबले. "पीते हैं."

"झटके पहले शुरू हुए थे या पीना?"

"झटके. सात साल की उम्र से."

"अच्छा. और पीने के बाद बढ़ते हैं या कम होते हैं?"

खोलीत पंखा फिरत होता. मला एकदम उभं राहावंसं वाटलं. चाळीस वर्षांत, तीन डॉक्टर, एक केंद्र, एक मंडळ आणि एक सख्खी बहीण, यांपैकी एकानेही हा प्रश्न विचारला नव्हता. त्याने आपणहून उत्तर आणून दिलं होतं तेव्हा मी ते फाडून टाकलं होतं.

"कम होते हैं," मी म्हणाले. "बिल्कुल रुक जाते हैं."

त्यांनी मान हलवली, जणू मी पत्ता बरोबर सांगितला होता. मग त्यांनी मला सगळं समजावून दिलं. असे झटके येण्याची कारणं पुष्कळ असतात. मूत्रपिंड किंवा यकृत बिघडतं, रक्तातले क्षार कमी-जास्त होतात, एखादं औषध बाधतं. कधी मेंदूला काही मिनिटं प्राणवायू मिळालेला नसतो, कधी लहानपणच्या गोवराने मेंदूत घर केलेलं असतं, कधी तो फिट्सचाच एक प्रकार असतो. त्यांतली काही कारणं दूर करता येतात, मग झटकेही जातात. हे मात्र घराण्यातून येणारं. याला मायोक्लोनस-डिस्टोनिया म्हणतात. लहानपणी सुरू होतं, बुद्धीला काही होत नाही, साध्या तपासण्या स्वच्छ निघतात. आणि याचं एक लक्षण असं की दारूने ते पुष्कळदा दबतं. हे जनुक वडिलांकडून आलं तर अंगात उसळतं, आईकडून आलं तर बहुतेक वेळा गप्प पडून राहतं. आमच्या वडिलांना काहीच नव्हतं. म्हणजे त्यांना ते त्यांच्या आईकडून आलं असणार, गप्प, आणि त्यांच्याकडून श्रीला.

"यही इस बीमारी का सबसे बड़ा धोखा है," डॉक्टर म्हणाल्या. "एक घूँट में आराम. मरीज़ खुद ढूँढ लेता है. फिर छूटती नहीं."

जुईसाठी त्यांनी एक गोळी लिहून दिली, अगदी थोड्या मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवायची. पेंग येईल म्हणाल्या, पण मनाने बंद करायची नाही, एकदम बंद केली तर उलटतं. पुरली नाही तर दुसरं औषध आहे. तेही पुरलं नाही तर मोठेपणी मेंदूत बारीक तारा बसवून छातीत बॅटरी ठेवायचं ऑपरेशन असतं, त्याने पुष्कळांचे हात थांबतात. मुळातून बरं होणार नाही, पण आयुष्य नीट जाईल. मी विचारलं, "और भाई का?"

पुढच्या आठवड्यात आम्ही त्याला चाकांच्या खुर्चीवरून नेलं. त्यांनी त्याला तपासलं, रक्ताचे रिपोर्ट बघितले. ऑपरेशन शक्य नव्हतं, रक्त गोठेना. गोळीही जपून, कारण खराब यकृताला त्या गोळीने ग्लानी येते. दहा वर्षांपूर्वी आला असतात तर, असं त्या म्हणाल्या नाहीत. फार भली बाई.

त्यानंतर दोन दिवसांनी मी एकटीच वृंदावन योजनेत गेले. मेट्रो, मग रिक्षा. श्री गॅलरीत खुर्चीवर बसला होता, पायाखाली उशी. मी मंडळासाठी नव्याने लिहिलेलं पत्र बरोबर नेलं होतं. दोन पानं. त्यात सगळं लिहिलं होतं, आजाराचं नाव, त्याचं लक्षण, मी काय केलं ते, आणि शेवटी त्याची जाहीर माफी. गणपतीच्या बैठकीत मी ते सगळ्यांसमोर वाचणार होते.

"श्री," मी म्हणाले, "तू खरं बोलत होतास. पहिल्यापासून." सत्तावन्न वर्षांची बाई, मी त्याच्या सुजलेल्या पायांवर डोकं ठेवून रडले. तो झटक्या-झटक्याने माझ्या डोक्यावर थोपटत होता, आणि ते चक्क लागत होतं.

पत्र त्याने मलाच वाचायला लावलं. ऐकून म्हणाला, "'नतमस्तक' काढ. मी काय संत आहे?" मग त्याने खाली पार्किंगकडे बघत विचारलं,

"जुईला यातलं काय माहीत आहे?"

"आजार तुझ्याकडून आला, एवढं कळेल तिला. डॉक्टर बोलल्या तेव्हा ती रक्त द्यायला गेली होती."

"दारूने थांबतं, हे?"

"नाही."

"मग सांगायचं नाही. कोणी. अनघालाही तसंच सांग."

"अरे, पण मी मंडळात..."

"ताई, बावीस घरांत तू हे वाचलंस की संध्याकाळपर्यंत तिला कळेल. बारा वर्षांची पोरगी. शाळेत मुलं चिडवतात, पेन उडतं. तिला कळलं की एका झाकणात हात थांबतो, तर..." त्याने माझ्याकडे बघितलं. "तुला माहीत नाही ते काय असतं. हात थांबला की आपण माणसात आल्यासारखं वाटतं. ती थांबू शकणार नाही. मी थांबलो नाही."

"आणि तुझं काय? सगळे तुला दारुडा म्हणतात, श्री. तीसुद्धा."

"म्हणू दे. दारुड्याची पोरगी दारूला हात लावत नाही."

मी वाद घातला. खोड जात नाही. म्हणाले, बापाविषयी खरं कळण्याचा तिला हक्क आहे. तो म्हणाला, अठरा वर्षांची झाली, गोळ्या लागू पडल्या, शहाणी झाली, की डॉक्टरांनाच सांगू दे. तोवर नाही. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी त्याचं म्हणणं ऐकलं. पत्र त्याच्यासमोरच पर्समध्ये परत ठेवलं.

तो जानेवारीत गेला, कडाक्याच्या थंडीत. शेवटचे आठ दिवस ग्लानीतच होता. त्या ग्लानीत हात अगदी स्वस्थ पडलेले असायचे. इंदिरा नगरातून पाच-सहा जण आले होते. देवस्थळी मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही तुमच्या परीने खूप केलंत, विनयाताई. व्यसनी माणसापुढे कोणाचं चालतं?" मी हात जोडले. काय करणार?

हे सगळं मी लिहून कुलपात ठेवते आहे. जुईला अठरा पूर्ण व्हायला अजून तीन वर्षं आहेत. तेव्हा मी नसले तर अनघा देईल.

जुईला गोळ्या बऱ्यापैकी लागू पडल्यात. अक्षर सुधारलंय. तिला मराठी समजतं, बोलते मात्र हिंदीत. शनिवारी माझ्याकडे गणित शिकायला येते. परवा लसावि काढता काढता तिने पेन खाली ठेवलं.

"आत्या, मेरा ये पापा से आया है ना?"

"हो."

"उनकी शराब से?"

"नाही गं. रक्तातून आलंय. दारूचा काही संबंध नाही त्यात. तो तुझ्याएवढा होता तेव्हाही उडायचं त्याचं."

हुशार आहे पोरगी, पुढची पायरी तिला दिसते.

"तो फिर पापा पीते क्यों थे?"

मी तिच्याकडे बघितलं. तेच कपाळ, तीच बारीक जिवणी. उत्तर माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. एका वाक्याचं काम होतं.

"मला नाही माहीत," मी म्हणाले.

"मुझे पता है," ती म्हणाली. "उनको हमसे ज़्यादा वही अच्छी लगती थी."

मग तिने पेन उचललं, आणि मी तिला पुढचं गणित वाचून दाखवलं.